चंचीतली सातवी चकती

बुधवार, रात्र

खानापुरात पावसानं ठाण मांडलंय. दुपारी दोनदा लाइट गेली, आजीची पेटी (चकती ठेवली की आजीनं बोललेलं ऐकवणारी) पॉवर बँकेवर चालवली.

पेटीची मूळ कल्पना माझी नाही. डिझायनर डरेल बिशप यांनी 1992 मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये एक आन्सरिंग मशिन कल्पिलं होतं: निरोप आला की यंत्रातून गोटी पडते, ती खळग्यात ठेवली की निरोप वाजतो. आजीला वाचता येत नाही, मोबाइलातले व्हॉइस मेसेज सापडत नाहीत. चंचीतली सुपारी मात्र अंधारातही हाताला लागते. म्हणून गोटीऐवजी लाकडी चकत्या. प्रत्येकीला एनएफसी स्टिकर, म्हणजे जवळ नेलं की पेटीला वाचता येणारी चिप. त्यात जागा 144 बाइट. आवाज मावत नाही, नुसता क्रमांक मावतो. आवाज पेटीतल्या मेमरी कार्डावर.

शहाणपणा करून मी चकत्या रंगवल्या. पिवळी आनंदाची, निळी दुःखाची, लाल रागाची. आजीनं भातलावणीची गोष्ट सांगितली. धाकटी बहीण चिखलात उताणी पडली, सगळ्या बायका हसल्या. त्याच वर्षी ती लग्न होऊन निपाणीला गेली. सांगताना आजी खुदखुदली, मग पदर डोळ्याला.

"आता हे कुठल्या रंगात घालू गं?"

(ऑफिसात आम्ही हेच पाच इमोजींत उरकतो.) संध्याकाळी रंग खरवडून काढले.

वाटणी मग तिनंच केली, माणसांप्रमाणे. बहिणीच्या चकतीला हिरवा दोरा, आत्याच्या चकतीला पोलक्याचं बटण. सातवी बोलताना मला परसात पिटाळलं. परत आले तर चकती चंचीत, नाडी आवळलेली.

"ही कुणाला?"

"कुणाला न्हवं. साकु आता."

साकु म्हणजे पुरे. विषय मिटवायचा असला की आजी कन्नडवर जाते.

जेवताना मला राहवेना. सांगून टाकलं, आवाज चकतीत नसतोच, पेटीतल्या कार्डात असतो. तिचा घास थांबला.

"म्हंजे तुलाबी ऐकू येतंय व्हय?"

"येईल. ऐकलं नाही मी."

तिनं डावा हात पुढं केला. नखाएवढं कार्ड काढून तळव्यावर ठेवलं. तेही चंचीत गेलं, वर आणखी एक गाठ.

पेटी मुकी झालीय. रविवारी निपाणीची मावशीआजी येतेय, हिरवा दोरा तिचाच. कार्ड मागायला हवं. उद्या नको, परवा बघू.