केस पेपर मागताय? आधी पोच घ्या

रुग्णालयात उपचाराला उशीर झाल्याची तक्रार करायची तर केस पेपर, म्हणजे दाखल असतानाच्या उपचारांची सगळी नोंद, हातात हवी. डिस्चार्ज कार्ड म्हणजे केस पेपर नव्हे, हे मला रेकॉर्ड विभागाच्या खिडकीवर कळलं. कार्डावर निदान, औषधं आणि पुढची तारीख. रात्री रुग्णाला धाप लागल्याचं सिस्टरला सांगितल्यापासून डॉक्टर खाटेपाशी येईपर्यंत किती वेळ गेला, हे त्यात नसतं. ते असतं नर्सिंग नोट्समध्ये, आणि नेमकी तीच पानं द्यायला का कू होते.

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांत स्पष्ट लिहिलंय: रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत नातेवाइकाने मागणी केली की पोच द्यायची आणि ७२ तासांत कागद द्यायचे. पण खिडकीवरचा माणूस म्हणतो, "अर्ज ठेवून जा, साहेब आले की बघतील." आपण ठेवून येतो आणि तिथेच फसतो. शिक्का नाही, तर अर्ज दिलाच नव्हता असं म्हणायला ते मोकळे. तीन खेपा वाया घालवून मी शेवटी स्पीड पोस्ट आणि ईमेल केला. तेच पहिल्या दिवशी करायला हवं होतं.

"संपूर्ण रेकॉर्ड द्या" एवढ्यावर भागत नाही. नावं घालून मागा: नर्सिंग नोट्स, टीपीआर चार्ट (ताप, नाडी, श्वास यांच्या नोंदी), औषधांचा चार्ट, डॉक्टरांच्या नोट्स, संमतीपत्रं, ईसीजीच्या पट्ट्या. पट्टीवर मशीनची वेळ छापलेली असते. ती "डॉक्टरांना कळवले" या नोंदीशेजारी ठेवून बघा. मशीनचं घड्याळ चुकीचं असू शकतं, म्हणून औषधांच्या बिलावरची वेळ आणि आपल्या फोनमधले कॉलही जुळवा.

हो, सीसीटीव्हीचं राहिलंच. जुन्या चित्रीकरणावर नवं चढत जातं, त्यामुळे ते जपून ठेवण्याची लेखी मागणी सगळ्यात आधी जायला हवी.

उशीर झाला एवढ्याने दावा उभा राहत नाही. त्या उशिरामुळेच नुकसान झालं, हे दाखवावं लागतं. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. अशा मुदतीशी वेळा ताडून दुसऱ्या डॉक्टरचं लेखी मत घ्या. ड्यूटीवरच्या डॉक्टरची किंवा नर्सची चूक रुग्णालयालाही भोवते, म्हणून तक्रारीत रुग्णालयालाही प्रतिवादी करा. जिल्हा ग्राहक आयोगात जायला २ वर्षं असतात. भरलेलं बिल ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, भरपाई कितीही मागा.

आणि पानं खिडकीवरच मोजा, क्रमांक घाला, प्रत्येकावर शिक्का घ्या. माझ्या गठ्ठ्यात धाप लागली त्या रात्रीचीच दोन पानं नव्हती.