तरोट्यावरच्या पिवळ्या आणि घाईचं बारसं

मेळघाटाच्या पायथ्याशी एका बांधावरच्या तरोट्यावरून (टाकळ्यावरून) धरलेली कॉमन ग्रास यलो ही पिवळी फुलपाखरं. पंख बघून सगळी एकच जात, युरेमा हेकाबे: पुढच्या पंखाच्या खालच्या बाजूला, शिरांनी वेढलेल्या मधल्या कप्प्यात दोन बारीक ठिपके. सीओआय या मायटोकॉन्ड्रियातल्या (पेशीच्या ऊर्जाघरातल्या) जनुकाचा 658 अक्षरांचा तुकडा, म्हणजे जात ओळखायचा ‘बारकोड’, वाचून आला आणि त्यांचे सरळ दोन गट पडले. आमच्यातल्या एकाने दुपारीच ‘नवी प्रजाती’ म्हणून बातमी लिहायला घेतली. मी अडवली.

आधी नमुने तपासले. मधला एकच पाय काढायचा, दर वेळी चिमटा ज्योतीतून फिरवून. पंख ओळखीसाठी शाबूत हवेत. पाय 95 टक्क्यांवरच्या इथेनॉलमध्ये. हाताशी आहे म्हणून कोणी फॉर्मालिन ओतलं, की डीएनए नासलाच. इथे बाटल्या ठीक होत्या. मग क्रमाचं प्रथिनात रूपांतर करून पाहिलं, कारण या जनुकाच्या पेशीच्या केंद्रकात शिरलेल्या खोट्या प्रतींत बरेचदा मध्येच थांबा-संकेत येतो. सॉफ्टवेअरमध्ये अपृष्ठवंशीय मायटोकॉन्ड्रियाचा संकेत-तक्ता निवडावा लागतो. नेहमीचा राहिला तर टीजीए ही तीन अक्षरं म्हणजे थांबा धरला जातो आणि चांगला क्रमही खोटा ठरतो. नवशिके हे हमखास विसरतात. आमचे क्रम स्वच्छ निघाले.

राहिला वोल्बाकिया. हा जिवाणू आईकडून अंड्यातून पुढे जातो, मायटोकॉन्ड्रियाही तसाच. जिवाणू फैलावला की सोबतचा मायटोकॉन्ड्रियाही फैलावतो, आणि सीओआय फुलपाखराऐवजी जिवाणूचीच वंशावळ सांगू लागतं. जपानात याच युरेमात केंद्रकातल्या जनुकांनी दोन जाती दाखवल्या, मायटोकॉन्ड्रियाने मात्र घोळ घातला. पायातून तपासणी कोरी आली तरी भरवसा नाही. पोट घ्यावं, बीजांडकोशात जिवाणू दाट असतो. पोटातून जिवाणूच्या डीएनएची पट्टी आली, ती एकाच गटातल्या माद्यांत.

आता केंद्रकातलं टीपीआय जनुक वाचायचं आहे. ते झेड या लिंग-गुणसूत्रावर असतं. मादीत झेड एकच, म्हणून क्रमाचा आलेख सरळ. नरात दोन प्रतींची शिखरं एकमेकांवर चढू शकतात. पण बारकोडला पैसे मिळतात, दुसऱ्या जनुकाचं नाव काढलं की फाइल खाली जाते. 2023 मध्ये फुलपाखरांचा मोठा वंशवृक्ष मांडला गेला तो 391 जनुकांवर. त्यातून दिसलं: फुलपाखरांचं मूळ अमेरिका खंडात, सुमारे 10 कोटी वर्षांपूर्वी, पहिलं खाद्य बहुधा शेंगवर्गीय. आणि आम्ही एका तुकड्यावर बारसं उरकणार!

दोन्ही गटांतल्या माद्यांची अंडी वेगवेगळी वाढवायची आहेत. एका गटात नुसत्या मुलीच निघाल्या, तर वोल्बाकियावरचा संशय पक्का. निंदणाऱ्या बाया आधी तरोटाच उपटतात, म्हणून शेतमालकाला बांधाच्या टोकाची झाडं राखायला सांगितलंय.