शिवराईवरचा हिरवा: कुठला ठेवायचा, कुठला काढायचा

मातीतून निघालेली शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं, हातात आली की पाण्याच्या आधी मी दोन वस्तू काढतो: दहापटीचं भिंग आणि ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा. सुरुवातीच्या काळातली पूर्ण शिवराई साधारण ११ ते १३ ग्रॅम भरते. कोरडं वजन लिहून ठेवायचं आणि प्रत्येक टप्प्यानंतर नाणं पूर्ण वाळवून पुन्हा करायचं. माती गेल्यावरही वजन घटतच राहिलं, तर नाणंच चाललंय असं समजावं.

भिंगाखाली रंग वेगळे करता आले पाहिजेत. विटकरी ते काळपट तपकिरी, धातूला घट्ट बसलेला थर म्हणजे क्युप्राइट, तांब्याचा ऑक्साइड. त्यावरचा गडद, गुळगुळीत, नखाने न निघणारा हिरवा म्हणजे मॅलेकाइट, तांब्याचं कार्बोनेट. या दोघांना हात लावायचा नाही. काढायचा तो तिसरा: फिका, पोपटी, टाचणीच्या टोकाने भुरभुरणारा. त्याच्या तळाशी बहुधा खड्डा असतो आणि खड्ड्यात मेणासारखं राखाडी काहीतरी दिसतं. ते क्युप्रस क्लोराइड. संग्राहक याला ब्रॉन्झ डिसीज म्हणतात, पण निव्वळ तांब्याच्या नाण्यालाही तो तितकाच होतो.

हे क्लोराइड येतं मिठातून, आणि मीठ जमिनीतून. खाडीकाठ, किनारा, जुन्या गोठ्याची किंवा उकिरड्याची जागा, सगळीकडे मीठ मुरलेलं. क्लोराइड आत शिरून धातूला चिकटून बसतं. नाणं बाहेर आलं, हवा आणि ओल मिळाली, की त्यातून पोपटी भुकटी बनते आणि सोबत थोडं हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं. ते आम्ल खालचं तांबं खातं, त्यातून पुन्हा क्युप्रस क्लोराइड तयार होतं. हे चक्र थांबवायचे मार्ग दोनच: क्लोराइड काढा, नाहीतर ओल तोडा. सापेक्ष आर्द्रता साधारण ४२ टक्क्यांच्या खाली असली की ही क्रिया जवळपास थंडावते. कोकणातल्या पावसाळ्यात आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते, तेव्हा हिशोब तुम्हीच करा.

म्हणूनच चिंच-मीठ, लिंबू-मीठ किंवा भांडी घासायची पावडर पाहिली की माझा जीव वरखाली होतो. आम्ल मॅलेकाइट आणि क्युप्राइट विरघळवतं, आणि मीठ वरून नवं क्लोराइड देतं. नाणं तासाभरात गुलाबी, लखलखीत. पुढच्या पावसाळ्यात पोपटी ठिपके. दुसरं नुकसान त्याहून वाईट. गंजलेल्या शिवराईवर ‘श्री राजा शिव’ची अक्षरं पुष्कळदा धातूत उरलेलीच नसतात, ती क्युप्राइटच्या थरात असतात. थर गेला की अक्षर गेलं. वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ, यावर शिवराईचे प्रकार ओळखले जातात. एक फराटा पुसला तर नाणं कुठल्या प्रकारचं हेच सांगता येत नाही. अल्ट्रासोनिक मशीनही याच कारणासाठी नको, थराचे पापुद्रे सुटतात.

आता क्रम. काचेच्या किंवा प्लास्टिकच्या भांड्यात डिस्टिल्ड वॉटर; बॅटरीत घालायचं मिळतं ते चालतं. नळाचं नको, त्यात क्लोरीन आणि क्षार दोन्ही. भांड्यात चांदीचं नाणं, लोखंडी क्लिप किंवा दुसरा कुठलाही धातू ठेवायचा नाही, नाहीतर विद्युत-रासायनिक क्रियेने एक धातू दुसऱ्यापायी गंजतो. रोज पाणी बदलायचं. माती मऊ झाली की नाणं ओलं असतानाच बाभळीच्या काट्याने किंवा टूथपिकने, भिंगाखाली, अक्षराच्या कडेने बाहेरच्या दिशेला सरकायचं. बाभळीचा काटा मॅलेकाइटवर ओरखडा पाडत नाही, सुई हमखास पाडते. पितळी ब्रशचा त्रास वेगळाच: उंचवट्यांवर पिवळी रेघ सोडतो, मग ती काढत बसा.

देव्हाऱ्यात पुजलेल्या शिवराईची गोष्ट निराळी. तिच्यावर माती नसते, तेल, कुंकू आणि काजळीचा चिकट लेप असतो. तो पाण्याने हलत नाही. आधी ॲसिटोन, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, दोन्ही कापसाच्या बोळ्याने, खिडकी उघडी ठेवून आणि समई-उदबत्तीपासून लांब. बोळ्यावर निळसर हिरवं उतरलं तर घाबरू नका; तेलातल्या स्निग्धाम्लांनी तांब्याचा साबण केलेला असतो, तो हा. खोबरेल किंवा गोडेतेलात नाणी बुडवून ठेवण्याचा सल्ला मी पाळत नाही तो याच कारणाने. तेल वापरायचंच तर लिक्विड पॅराफिन घ्यावं.

पोपटी ठिपका जुना आणि शांत आहे की जिवंत, हे नुसतं बघून कळत नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात ओला टिश्यू ठेवून, नाणं त्याला न टेकवता जाळीवर, एक-दोन दिवस ठेवायचं. जिवंत असेल तर ताजी पोपटी दाणेदार भुकटी किंवा ओले मणी येतात. आले, तरच पुढचा सोपस्कार.

पुढचा सोपस्कार म्हणजे सोडियम सेस्क्विकार्बोनेटच्या ५ टक्क्यांच्या द्रावणात नाणं भिजत ठेवून क्लोराइड बाहेर काढणं. तयार मिळालं नाही तर एक लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये निर्जल सोडियम कार्बोनेट २४ ग्रॅम आणि खाण्याचा सोडा १९ ग्रॅम. दुकानातला धुण्याचा सोडा स्फटिकाचा असेल तर त्यात पाणी धरलेलं असतं, तो साधारण ६३ ग्रॅम लागतो. इथेच बहुतेकांचं प्रमाण चुकतं. बेकिंग पावडर म्हणजे खाण्याचा सोडा नव्हे, हेही ध्यानात असू द्या. द्रावण आठवड्याने बदलायचं. काम आठवड्यांचं, कधी महिन्यांचं.

थांबायचं कधी? परीक्षानळीत द्रावणाचे थोडे थेंब, त्यात आधी सौम्य नायट्रिक आम्ल, बुडबुडे थांबेपर्यंत, आणि मग सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब. दुधी गढूळपणा म्हणजे क्लोराइड अजून येतंय. आम्ल विसरलात तर कार्बोनेटचाच फिकट साका बसेल आणि तुम्ही उगाच महिनाभर भिजवत राहाल. तुलनेला न वापरलेलं द्रावण दुसऱ्या नळीत तसंच तपासायचं. सिल्व्हर नायट्रेटचे काळे डाग बोटांवरून बरेच दिवस जात नाहीत, हातमोजे घाला. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर इथे निरुपयोगी, कारण सोड्यामुळे आकडा आधीच वर असतो. तो नंतर नाणं डिस्टिल्ड वॉटरने धुताना कामाला येतो. लागोपाठच्या दोन धुण्यांत आकडा कोऱ्या पाण्याइतकाच राहिला की पुरे.

या द्रावणाची खोट अशी की दीर्घकाळात ते मॅलेकाइटचाही रंग बदलतं, कधी निळसर हिरवा नवा थर चढवतं. म्हणून निरोगी नाण्याला ‘खबरदारी’ म्हणून यात घालू नये. एकच छोटा ठिपका असेल तर मी तेवढाच काट्याने तळापर्यंत कोरतो आणि अल्कोहोलमध्ये कालवलेला सिल्व्हर ऑक्साइड खड्ड्यात दाबतो. उरलेलं क्लोराइड सिल्व्हर क्लोराइड बनून जागच्या जागी बंद होतं.

मग वाळवणं: आयसोप्रोपिलच्या दोन आंघोळी, टिपकागद, ६० वॅटच्या साध्या बल्बखाली काही तास. त्यानंतर बेन्झोट्रायझोल, १०० मिलिलिटर आयसोप्रोपिलमध्ये ३ ग्रॅम, त्यात नाणं २४ तास. नायट्राइलचे हातमोजे सक्तीचे, पावडर नाकात जाता कामा नये. बाहेर काढल्यावर पांढरे स्फटिक दिसले तर अल्कोहोलच्या बोळ्याने टिपायचे. हे रसायन तांब्यावर पातळ पडदा धरतं, पण खड्ड्यात क्लोराइड भरपूर उरलं असेल तर तिथल्या आम्लापुढे ते टिकत नाही. उपचार अर्धवट सोडून यावर भिस्त ठेवणाऱ्यांना ठिपके परत दिसतात. शेवटी मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा अगदी पुसट हात.

साठवणीत सगळ्यात मोठा घोळ करतात ते मऊ, वासाचे पीव्हीसी पानांचे अल्बम. त्यातून आम्ल आणि चिकट द्रव सुटतो, नाण्यावर हिरवा बुळबुळीत थर येतो. तो ब्रॉन्झ डिसीज नव्हे, ॲसिटोनने निघतो. पण अल्बम टाकून द्यावाच लागतो. पॉलिप्रॉपिलीन किंवा मायलरची पाकिटं घ्या. लाकडी पेटीही नको, लाकडातून सेंद्रिय आम्लांची वाफ येते. मी रबरी कडेचा हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक ठेवतो. आकडा ४० च्या वर गेला की जेल ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन-तीन तास तापवून परत. उपचार झालेली नाणी पहिला पूर्ण पावसाळा वेगळ्या डब्यात ठेवावीत आणि गणपतीच्या सुमारास एकेक भिंगाखाली घ्यावं. ठिपका परतला असेल तर तेवढंच नाणं पुन्हा सोड्यात जातं.