येणे बाकी: पंप एक, पाने तीन, हँडल एक

तवंदीचा घाट अर्धा चढलो आणि डॅशबोर्डवरचा तांबडा दिवा लागला. ॲम्बॅसडरमध्ये चालत्या गाडीत हा दिवा लागला की आधी फॅनबेल्ट बघायचा. एकच पट्टा डायनॅमो फिरवतो आणि पाण्याचा पंपही, त्यामुळे तो ढिला पडला तर बॅटरी उतरते आणि इंजिन तापतं. काम पाच मिनिटांचं: डायनॅमोचे बोल्ट सैल करायचे, डायनॅमो बाहेर ओढून धरायचा, पुन्हा आवळायचं. माझ्याकडे बारा-तेराचा पाना होता, कोरा, चकचकीत. तेराचं तोंड बोल्टावर चढवलं, जोर दिला, आणि पाना बोल्टाच्या डोक्यावरून सुळ्ळकन फिरला. सहा कोपऱ्यांतले चार गुळगुळीत झाले आणि माझी बोटं रेडिएटरवर आपटली.

त्या बोल्टाचं डोकं चार सुताचं, म्हणजे अर्ध्या इंचाचं, म्हणजे १२.७ मिलिमीटर. तेराचा पाना त्यावर ०.३ मिलिमीटर सैल बसतो. ऐकायला काहीच वाटत नाही, खरं पन्नास वर्षं बसलेल्या बोल्टाला तेवढं पुरतं. शेवटी पकडीनं कसंबसं निभावलं. ही फेरी मी नेमकी कशासाठी काढली होती, ते घाटानं आधीच सांगून टाकलं.

आजोबांचं कोल्हापुरात गुळाचं अडत दुकान होतं. १९६८ची मार्क टू ॲम्बॅसडर त्यांनी निपाणी, संकेश्वर, बेळगाव, खानापूर अशी उगाणीसाठी, म्हणजे थकलेल्या रकमा गोळा करायला, फिरवली. गाडीची हत्यारं एका जाड कापडाच्या वळकटीत असायची. मी पाहिली ती वळकटी रिकामी होती आणि उंदरांनी कुरतडलेली होती. गेल्या दिवाळीत माळा आवरताना एक खतावणी सापडली. शेवटच्या पानावर, गुळाच्या रकमांखाली, त्याच गिचमिड अक्षरात: ‘येणे. पंप १, निपाणी. पाने ३ डब्यासह, संकेश्वर. हँडल १, खानापूर.’ पुढं तिघांची नावं. आजोबा जाऊन एकवीस वर्षं झाली, पण वहीतलं येणं कुणी खोडलेलं नव्हतं.

निपाणीचं येणं सकाळीच वसूल झालं होतं. तंबाखूच्या वखारीत एका कोपऱ्यात चाकात हवा भरायचा पंप उभा होता. वखारीतल्या तरुण मालकाला तो आपला नाही हेच ठाऊक नव्हतं. पण त्याच्या आईनं आजोबांचं नाव ऐकलं आणि ‘घेऊन जावा बाळा, आमचंच चुकलं’ म्हणाली. मलाच ओशाळल्यासारखं झालं. दांडा वरखाली होत होता, हवा मात्र नावाला नव्हती. उघडून बघितलं तर आतला चामडी वायसर वाळून पापडासारखा झालेला. रबरी वायसर दुकानात मिळतो, पण या पंपात वाटीसारखा चामड्याचाच लागतो. हवा दाबली की वाटीच्या कडा फाकतात आणि नळीला चिकटतात, सगळा दाब त्यावरच धरलेला असतो.

निपाणीत चामड्याचं काम करणारा माणूस शोधायला फार हिंडावं लागत नाही. कोल्हापुरी चपलेचं भौगोलिक मानांकन आठ जिल्ह्यांना आहे, त्यातले चार कर्नाटकातले, आणि बेळगाव त्यात आहे. ज्यांच्याकडे गेलो त्यांनी जन्मात पंपाचा वायसर केला नव्हता. त्यांनी जुना वायसर नखानं दाबला, वास घेतला आणि विचारलं, ‘तेल कुठलं घालत होता?’ मी इंजिन ऑइल म्हणालो. त्यांनी कपाळाला हात लावला. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं चामडं त्यांनी गोल कापलं, भिजवलं, पाइपच्या तुकड्यात लाकडी खुंटीनं ठोकून बसवलं. ‘हे असंच वाळूदे. परवा जाताना न्या. आणि एरंडेल घाला, एरंडेल.’

संकेश्वरला अण्णांच्या घरी डबा लगेच पुढं आला, रिकामा मात्र नव्हता. पत्र्याचा, बिजागरी तुटलेला, झाकणावर कधीतरीचा हिरवा रंग. त्यात जमिनीचे कागद. अण्णांनी ते चटईवर एकेक मांडले: वरचे कन्नडमधले, कर्नाटक सरकारचे, त्याखाली म्हैसूर राज्याचे, अगदी तळाशी मुंबई राज्याचे, मराठीत. आणि त्याखाली, तेलकट फडक्यात, तीन पाने. एका डब्यात तीन राज्यं मावली होती. (जाता जाता: ॲम्बॅसडर बाजारात आली ती १९५७ च्या सुमारास, बेळगाव म्हैसूर राज्यात नुकतंच गेलं होतं तेव्हा. उत्तरपाड्याच्या कारखान्यात ती बंद पडली २०१४ च्या मे महिन्यात, आणि त्याच वर्षी १ नोव्हेंबरला बेळगावचं अधिकृत नाव बेळगावी झालं. याचा अर्थ काहीच नाही. माझ्या मात्र बेळगाव येईपर्यंत हेच डोक्यात होतं.)

‘डबा न्या, खरं कागद कशात ठेवू?’ अण्णा म्हणाले. बिस्किटाचा मोठा डबा शोधण्यात अर्धा तास गेला.

बेळगावात जुन्या पी. बी. (पुणे-बेंगळूरु) रोडच्या आसपास अजून काही गॅरेजं आहेत, जिथं ॲम्बॅसडर आल्यावर कुणी मोबाइल काढून फोटो घेत नाही. मेस्त्री सत्तरीचे. मी तिन्ही पाने बाकड्यावर ठेवले. त्यांनी गंज न पुसताच दोन एका बाजूला सरकवले आणि तिसरा माझ्याकडे ढकलला.

‘हे तुमचं न्हवं वो.’

तोच तर तिघांत देखणा होता. जाड, भरदार, दांड्यावर उठावदार अक्षरं. मी म्हणालो, वहीत तीन लिहिलेत.

‘वहीत काय बी लिवलेलं असंल. ह्यावर काय लिवलंय वाचा.’

एका टोकाला १/४ डब्ल्यू.

‘पाव इंच म्हंजे किती सूत?’

‘दोन.’

‘मोजा तर.’ मग पोराला कन्नडमध्ये हाक: ‘व्हर्नियर तगोंड बा!’ म्हणजे माप घ्यायचं व्हर्नियर घेऊन ये.

तोंड भरलं १३.३ मिलिमीटर. दोन सूत लिहिलेला पाना चार सुतांहून मोठा. मेस्त्री खूश होऊन हसले. हा प्रश्न त्यांनी गेल्या चाळीस वर्षांत बऱ्याच जणांना घातला असणार.

उकल अशी. हे व्हिटवर्थचं माप. जोसेफ व्हिटवर्थनं १८४१ मध्ये आट्यांचं प्रमाण सुचवलं, आणि त्या पद्धतीत पान्यावर आकडा असतो तो बोल्टाच्या जाडीचा, पान्याच्या तोंडाचा नाही. पाव इंची बोल्टाचं डोकं त्याहून दुपटीनं मोठं, म्हणून पानाही तेवढा. १९४८ मध्ये ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांनी मिळून युनिफाइड आटे ठरवले आणि इंग्लंडातले मोटार कारखाने हळूहळू तिकडं वळले. आपली ॲम्बॅसडर म्हणजे मॉरिस ऑक्सफर्ड या इंग्लिश गाडीची तिसरी आवृत्ती, ती या बदलानंतरची. तिच्या अंगावर बहुतेक सगळं युनिफाइड, आणि त्या पान्यांवर आकडा थेट तोंडाचा: ७/१६ म्हणजे साडेतीन सूत, १/२ म्हणजे चार, ९/१६ म्हणजे साडेचार. ल्युकास कंपनीच्या विजेच्या सामानावरचे बारके स्क्रू मात्र बी.ए. (ब्रिटिश असोसिएशन) या तिसऱ्याच मापाचे. म्हणून जुन्या गाडीची हत्यारं जमवणारा माणूस आधी व्हर्नियर विकत घेतो, किंवा त्यानं घ्यावा. भंगारवाल्याकडे ‘इंची पाने’ म्हणून एकाच ढिगात दोन्ही जाती मिसळलेल्या असतात, आणि चुकीचा पाना जवळजवळ बसतो. घाटातला माझा तेराचा असाच जवळजवळ बसला होता.

संकेश्वरला फोन लावला. ‘व्हय व्हय,’ अण्णा म्हणाले, ‘आमच्या वडिलांची आधी ऑस्टिन होती की. ते तिचं असंल.’ म्हणजे वसुलीत मी त्यांचाच पाना उचलून आणला होता.

दुरुस्ती रात्रभर चालली आणि तिला लागलं काय, तर एक प्लॅस्टिकची बादली, धुण्याचा सोडा आणि बॅटरी चार्जर. पाच लिटर पाण्याला एक मोठा चमचा सोडा. पाना ऋण टोकाला, धन टोकाला गाडीच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्याचा तुकडा, दोन्ही एकमेकांना शिवू द्यायचे नाहीत. पान्यावर बुडबुडे येतात, गंज सुटून पाट्याच्या तुकड्याकडचं पाणी गढूळ होतं. हे उघड्यावरच करायचं, कारण निघतो तो हायड्रोजन. आणि धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीच नको, त्यातलं क्रोमियम विषारी होऊन पाण्यात उतरतं. सकाळी ब्रशनं काळी साय घासून काढली, तेव्हा दांड्यावरचे आकडे कालच ठोकल्यासारखे दिसले. ग्राइंडरला धरलं असतं तर गंज दोन मिनिटांत गेला असता आणि आकडेही.

चार सुताच्या पान्याचं तोंड किंचित पसरलं होतं. मी गॅसवर तापवून ठोकू का विचारलं.

‘तापवलासा की पाणी गेलं. मग ते पाना न्हवं, चमचा.’ पाणी म्हणजे पोलादाला दिलेला कडकपणा. मेस्त्रींनी ते थंडच शेगड्यात (व्हाइसमध्ये) धरून, दर वेळी व्हर्नियर लावत, केसाकेसानं मिटवलं. क्रोमचा हट्ट मी आधीच सोडला होता. गाडीबरोबर येणारे पाने तेव्हा बहुतेक काळेच असायचे. उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीत जॉबवर्क करणाऱ्यांकडं ब्लॅकोडायझिंग, म्हणजे लोखंडावर काळा थर चढवणं, झालं: कॉस्टिक आणि नायट्रेटचं १४० अंशांच्या आसपास उकळतं पाणी, मग तेल. तीन तास आणि एका बिर्याणीपेक्षा कमी पैसे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये सायकलचं दुकान काढलं ते याच गावात. इथं पाना हातात घेऊन कुठंही गेलं तरी ‘कशाला पायजे’ असं कुणी विचारत नाही, ‘कितीचा आहे’ असंच विचारतात.

वळकटी ताडपत्रीवाल्याकडून शिवून घेतली, उंदरांनी ठेवलेल्या तुकड्यांवरून माप धरून. डब्याची बिजागरी मेस्त्रींच्या पोरानं पितळी ब्रेझिंगनं जोडली. हिरवा रंग तसाच ठेवला.

खानापूरचं येणं मागायला जांबोटी रस्त्यावरच्या एका वाडीत पोचलो तेव्हा मावशी दारातच होत्या. दार म्हणजे जुनं दोन फळ्यांचं, सागवानी. आणि दाराच्या आत, दोन लोखंडी कड्यांतून आडवं घातलेलं, गाडी हातानं फिरवून सुरू करायचं हँडल. अडसर म्हणून. एका टोकाला वाकडं असल्यानं कडीतून पलीकडं निसटत नाही आणि ओढायला मूठ आयतीच. इतकी वर्षं हाताळून गंजाचा कण नव्हता. माझ्या दोन दिवसांच्या सोड्याला आणि तेलाला जे जमलं नव्हतं ते इथं रोज संध्याकाळी दार लावून झालेलं होतं.

‘तुमचंच हाय, न्या,’ मावशी म्हणाल्या. ‘खरं रातीला दाराला काय लावू?’

खानापुरात परत गेलो. लोहाराकडून सळई कापून आणली. मावशींचा नातू तोवर गाडीपुढं उकिडवा बसून बंपरच्या भोकातून आत बघत होता. हँडल घातलं, खाचेत बसलं. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवला. मुठीत अंगठा गुंडाळला आणि इंजिननं उलटा झटका दिला तर मनगट मोडतं, हे आजोबांनी मला सात वर्षांचा असताना दाखवलं होतं. दुसऱ्या ओढीला गाडी सुरू झाली. नातवानं टाळ्या वाजवल्या.

मावशी दारापाशी उभ्या होत्या. त्यांनी सळई कड्यांतून घातली होती आणि ती दुसऱ्या कडीला पोचत नव्हती. चार बोटं आखूड. माप मी नजरेनंच घेतलं होतं.

अंधार पडत आला होता, लोहार बंद झाला असणार. त्या रात्री हँडल पुन्हा दाराला लागलं आणि मी ओसरीवर झोपलो. खतावणी गाडीतच होती. शेवटच्या पानावर तीन ओळींखाली लिहिलं: ‘देणे. पाना १, संकेश्वर. अडसर १, खानापूर.’