काकाजींची बावीस बोअर आणि तिचं खरं साल

पवनीच्या पुढे, वैनगंगेच्या काठाला एका गावात जुन्या मालगुजारांचा, म्हणजे गावच्या जमीनदारांचा, वाडा आहे. तिथल्या काकाजींना मोतीबिंदूमुळे नीट दिसेनासं झालं आणि त्यांनी रायफल विकायचं ठरवलं. मी त्याच भागात जिल्हा परिषद शाळेत शिकवते. एनसीसीत असताना नेमबाजीचा नाद लागला तो सुटला नाही, आता नागपूरच्या एका रायफल क्लबची सभासद आहे. टार्गेट प्रॅक्टिससाठी .22, म्हणजे बावीस बोअर रायफल, विकत घ्यायची परवानगी माझ्या लायसनवर होतीच. 1980 च्या दशकात परदेशी बंदुकांची आयात सामान्य माणसाला बंद झाली, त्यामुळे चांगली जुनी .22 आपल्याकडे अशा वाड्यांतूनच निघते.

काकाजींनी जुन्या लुगड्यात गुंडाळलेली रायफल ओसरीवर आणली. मी आधी त्यांना मॅगझिन काढायला लावलं, बोल्ट उघडला, काडतूस बसतं त्या चेंबरमध्ये टॉर्च मारला, करंगळीनं चाचपलं. रिकामी. मगच पुढचं बोलणं.

"माह्या बाबांना डीसी साहेबानं देल्ली जी, अडतीस साली. वाघाच्या हाक्यात साहेबाचा जीव वाचवला होता बाबांनी."

डीसी म्हणजे इंग्रजांच्या काळातला डेप्युटी कमिशनर, जिल्ह्याचा मुख्य अधिकारी. ही गोष्ट त्या गावात लहान पोरंही सांगतात. मला ती खोडून काढायची नव्हती, पण खरेदीच्या कागदात कंपनी, मॉडेल, बोअर आणि नंबर लिहावा लागतो. साल मला माझ्यासाठी हवं होतं. किती जुन्या पोलादाशी गाठ आहे ते कळल्याशिवाय मी रायफल खांद्याला लावत नाही.

नळीवर काळपट थर बसला होता. इथे माझी एकच कळकळीची विनंती: पॉलिश पेपर लावू नका. ठसा घासला गेला की परत येत नाही, आणि ओळखीची खूण पुसणं हा शस्त्र कायद्याच्या कलम 8 खाली गुन्हाच आहे. मी पातळ तेल लावून अर्धा तास थांबले, सुती फडक्यानं हलक्या हातानं पुसलं, मग खडूची पूड चोळली. टॉर्च समोरून न धरता नळीला जवळजवळ आडवा टेकवला तशी अक्षरं उठून आली. "झब्रोयोव्का ब्रनो, नारोदनी पोदनिक." पुढे मॉडेल 1 आणि .22 एलआर, म्हणजे लाँग रायफल हा काडतुसाचा प्रकार.

म्हणजे चेकोस्लोव्हाकियाची रायफल. ब्रेन गन या मशीनगनच्या नावातला "ब्र" ज्या ब्रनो शहरावरून आला, तिथलाच हा कारखाना. तो 1938 मध्येही होता, म्हणून नुसत्या कंपनीच्या नावावरून काकाजींची गोष्ट खोटी ठरत नव्हती. ठरली ती पुढच्या दोन शब्दांवरून. नारोदनी पोदनिक म्हणजे राष्ट्रीय उद्योग. तिथले मोठे कारखाने सरकारनं दुसऱ्या महायुद्धानंतर ताब्यात घेतले. त्याआधीच्या नळीवर हे शब्द येऊच शकत नाहीत.

सेफ्टीही ब्रनोचीच निघाली, उलटी. पुढे ढकलली की रायफल सुरक्षित, मागे ओढली की फायरला तयार. दुसऱ्या रायफलीची सवय असलेल्या हाताला हे घातक ठरू शकतं.

नेमकं साल प्रूफच्या शिक्क्यात सापडलं. कारखान्यातून निघण्याआधी नळीत जादा दाबाचं काडतूस उडवून पाहतात आणि टिकली तर शिक्का मारतात. चेक शिक्क्यात सिंह असतो आणि जवळ सालाचे शेवटचे दोन आकडे. मी भिंगातून तीनदा पाहिलं. 51.

नंबरानं मात्र घाम काढला. काकाजींच्या लायसनवर शेवटून तिसरा आकडा 3, नळीवर स्पष्ट 8. कधीतरी नूतनीकरणात कुणीतरी घाईनं उतरवला असणार आणि पुढे तोच कॉम्प्युटरवर गेला. "एका आकड्यानं काय होते जी," काकाजी म्हणाले. मी म्हटलं, काकाजी, कागदावरची रायफल आणि हातातली रायफल एकच नसेल, तर ही रायफल बेवारस ठरते. त्यांनीच दुरुस्तीचा अर्ज केला. ठाण्यात रायफल दाखवणं, पंचनामा, पुन्हा जिल्ह्याच्या कचेरीत. तीन वेळा फाइल "साहेबांकडे आहे". धान कापणीला आलं होतं तेव्हा अर्ज दिला, दुरुस्त नोंद मिळाली तेव्हा उन्हाळी लागली होती. त्यानंतर विक्रीची लेखी सूचना, आणि कायद्यानं घातलेले किमान 45 दिवस.

या काळात नागपूरच्या एका कारागिराकडून नळी तपासून घेतली. .22 चं काडतूस रिमफायर असतं, त्यात पेटणारा मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो, म्हणून फायरिंग पिन कडेवर बसते. रिकामी रायफल वर्षानुवर्षं टकटक चालवली तर काही रायफलींत पिन चेंबरच्या काठावरच आपटून खड्डा पाडते, आणि मग काडतुसाची रिकामी केस अडकते. जुनी .22 घेताना लोक दस्त्याची चमक पाहतात. पाहायचा तो हा काठ. इथे तो शाबूत होता.

साल काकाजींना कसं सांगावं, हाच मला मोठा प्रश्न होता. शेवटी रायफल त्यांच्या मांडीवर ठेवली, त्यांचं बोट धरून त्या दोन आकड्यांवर फिरवलं. ते बराच वेळ बोलले नाहीत.

"एक्कावन म्हणजे मालगुजारी गेली थेच साल."

मग त्यांनी सुनेला पत्र्याची पेटी आणायला सांगितली. सातबाऱ्यांच्या, पट्ट्यांच्या कागदांखाली नागपूरच्या एका बंदूकवाल्याचं बिल निघालं, 1953 चं, वडिलांच्या नावावर. डीसी साहेबाची बंदूक बहुतेक दुसरीच, दुनळी असावी, असं त्यांना मग आठवलं. ती त्यांच्या थोरल्या काकांकडे गेली होती.

"सारं गेल्यावर घेतली बाबांनी. माले कधी सांगतलं नाही."

बिलाची झेरॉक्स मी मागितली होती. व्यवहाराच्या दिवशी त्यांनी मूळ बिलच माझ्या हातात दिलं, नळी साफ करायचा गज आणि तेलाच्या कुप्पीसोबत, आणि झेरॉक्स घडी करून आपल्या बंडीच्या खिशात ठेवली.