उगारलेली काठी आणि चौकटीबाहेरचं सगळं

सोलापुरात पूनम गेटसमोर आंदोलन तापलं की एखादा फोटो फिरायला लागतो. पोलिसाची काठी हवेत, खाली वाकलेला माणूस, वर 'अमानुष लाठीमार'. लाठीमार झाला असेलही. पण एवढ्या फोटोवरून तो सिद्ध होत नाही.

भर उन्हात शटर 1/1000 सेकंद उघडतं आणि काठी जागच्या जागी गोठते. ती खाली येतेय, मागे जातेय की नुसता धाक दाखवायला उचललीय, हे एका फ्रेममध्ये कळत नाही. अंतराचाही घोळ असतो. 200 एमएमच्या लेन्सने लांबून टिपलं की सात-आठ फुटांवरची दोन माणसं एकमेकांना खेटून उभी वाटतात. मोबाईलची मुख्य लेन्स साधारण 24-26 एमएमच्या तोडीची, म्हणजे रुंद कोनाची. जवळून काढलं की पुढे आलेला हात आणि काठी अवाढव्य दिसते. शिवाय कडेचा दगडवाला कापून टाकायला दोन सेकंद लागतात. पडलेल्या माणसाला बुटाची लाथ घालणारा शिपाई कापायलाही तेवढेच.

व्हिडिओ आला म्हणून निर्धास्त होऊ नये. नोव्हेंबर 2020 मध्ये सिंघू सीमेवर वृद्ध शेतकऱ्यावर काठी उगारल्याचा फोटो गाजला. काठी लागलीच नाही हे दाखवायला काही सेकंदांची क्लिप फिरवली गेली. तिच्यावर ट्विटरने फेरफाराचा शिक्का मारला, आणि मार लागल्याचं त्या शेतकऱ्याने पुढे स्वतः सांगितलं.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 148 मध्ये साधारण क्रम असा: आधी पांगण्याचा हुकूम, तो मानला नाही तर बळ. भोंग्यावरचा हुकूम फोटोत ऐकू येत नाही. म्हणून आधीचा-नंतरचा अर्धा मिनिट मागा. त्यात एकच बघा: काठी पडली तेव्हा माणूस ताब्यात आला होता का? कलम 46 नुसार अटकेतल्या माणसावर, तो पळू नये एवढाच आवर घालता येतो. आवळून धरलेल्याला मारलं असेल, तर आधी दगड कुणी मारला याने ते धुतलं जात नाही.

फोटो सोलापूरचा आहे का, हे गूगल लेन्स आणि टिनआय या फोटोवरून शोध घेणाऱ्या दोन्ही साधनांवर टाकून बघा. एमएच 13 च्या गाड्या दिसतात का? पोलिसाच्या डोक्यावर कर्नाटकातली, एका बाजूला कड दुमडलेली टोपी असेल तर जुना फोटो विजापूर-कलबुर्गीकडचा असण्याची शक्यता मोठी. नुसत्या तेलुगू पाटीवरून मात्र हैदराबाद ठरवू नका, सोलापुरातही आपला तेलुगूभाषक पूर्व भाग आहेच. मेच्या दुसऱ्या आठवड्यात इथे भर दुपारी सावली पायाखाली जाते. त्या दिवसांत 'काल भर दुपारचा' म्हणून आलेल्या फोटोत ती लांबलचक असेल तर वेळ किंवा तारीख खोटी.

व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलं की तारीख-वेळेची माहिती पुसली जाते आणि तपशीलही घटतो. काढणाऱ्याकडून मूळ फाईल 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा. चौकातल्या सीसीटीव्हीवर जुनं पुसून नवं चढतं, तेव्हा तक्रार करायची असेल तर ठिकाण, तारीख, वेळ लिहून चित्रण राखून ठेवण्याचा अर्ज त्याच दिवशी द्या आणि पोच घ्या.