फुलांची दरी: पिवळ्या ट्रोलियससाठी जून, आणि तो एक नाला

आधी निकाल सांगते. पिवळा ट्रोलियस बघायचा असेल तर उत्तराखंडातल्या फुलांच्या दरीत (व्हॅली ऑफ फ्लॉवर्स) ऑगस्टमध्ये जाऊ नका. दोन वर्षांपूर्वी सगळ्यांचं ऐकून मी ऐन ऑगस्टात गेले. जिकडेतिकडे कमरेएवढा जंगली तेरडा, सगळी दरी गुलाबी, आणि ज्या फुलासाठी एवढ्या लांब आले ते नावालाही नाही. त्याचा बहर तोवर आटोपलेला असतो. बर्फ वितळून कुरणं भिजतात तेव्हा हे फुलतं, आणि बर्फाची कड जसजशी वर सरकते तसतसं तिच्या मागोमाग वर जातं. दरी १ जूनला उघडते. या वेळी जूनच्या शेवटच्या आठवड्यात गेले.

गोविंदघाटहून पुलनापर्यंत जीप आणि पुढे दरीआधीच्या मुक्कामाच्या गावाची, घांघरियाची, साधारण १० किलोमीटरची चाल, यात सांगण्यासारखं काही नाही. सामानासाठी खेचर केलंत तर पैसे निघण्याआधीच ठरवा. आमच्याकडून वर पोहोचल्यावर ‘थांबण्याचे’ म्हणून जास्तीचे घेतले, आणि दमलेल्या माणसाला वाद घालायचा जोर नसतो.

आता नाला. घांघरियात दोघांनी छातीठोकपणे सांगितलं, बर्फ संपला, वाट साफ आहे. मी मायक्रोस्पाइक (बर्फात घसरू नये म्हणून बुटांवर चढवायचे काटे) खोलीवर ठेवून निघाले. पुष्पावती नदीचा पूल ओलांडला की दगडी वाटेचा खडा चढ लागतो. तो दमवतो, पण त्रास तेवढाच. खरा प्रश्न पुढे: वाट तोडून वरपासून खालपर्यंत पसरलेला बर्फाचा पट्टा, आणि त्याच्या पोटातून वाहणारं पाणी. सकाळी वरचा थर काचेसारखा कडक. मधोमध माझा पाय सटकला, काठी रुतली म्हणून थांबले. खाली पाण्याचा आवाज ऐकत मी तशीच उभी होते, पुढचं पाऊल टाकवेना. मागून येणाऱ्या कंडीवाल्या (पाठीवरच्या टोपलीतून ओझं वाहणाऱ्या) दादांनी टाचेने खाचा पाडत मला पलीकडे नेलं. परतताना दुपार झाली होती, तोच बर्फ मऊ झालेला आणि कडेला पोकळ. तेव्हा कडेवर पाय देऊ नका, जिथे पाण्याचा आवाज मोठा येतो तिथून जाऊ नका, एका वेळी एकानेच ओलांडा. स्पाइक सोबत हवेतच, कोणी काहीही सांगो.

आणि पलीकडे ते होतं! वितळत्या बर्फापासून चार हातांवर, तपकिरी, चिंब गवतात, जमिनीलगत. फूल हातभर उंच असेल असं मनात धरून जाल तर नजर वरून निघून जाईल. या दिवसांत देठ बोटभरच असतो, पुढे बी धरताना वाढतो. फूल मात्र मोठं, सोनेरी, चकचकीत. मी चिखलात गुडघे टेकून अर्धा तास बघत होते.

ओळखताना गडबड होते, माझीही झाली. ओल्या जागी मार्श मेरिगोल्डही असतं, दोन्ही एकाच कुळातली, बचनागाच्या. पश्चिम हिमालयात मार्श मेरिगोल्डचा पांढरा प्रकार मिळतो, आणि मी ओढ्याकाठी आधी तोच बघून खट्टू झाले होते. फुलाकडे नको, पानाकडे बघा. मार्श मेरिगोल्डचं पान गोलसर, मूत्रपिंडाच्या आकाराचं, अखंड. ट्रोलियसचं पान पंज्यासारखं खोल चिरलेलं. आणि ट्रोलियसच्या ज्यांना आपण पिवळ्या पाकळ्या समजतो ती खरं तर निदलं, म्हणजे पाकळ्यांच्या बाहेरचं वेष्टन. खऱ्या पाकळ्या आत, पुंकेसरांलगत, अगदी अरुंद. भिंगाने दिसतात.

वाट सोडून कुरणात शिरू नका. भिजलेल्या मातीत एका बुटाने चार रोपं चिरडली जातात, आणि वाटेच्या कडेलाही पुरेशी फुलं आहेत. १९८२ पासून हे राष्ट्रीय उद्यान आहे: आत मुक्काम नाही, खेचर नाही, संध्याकाळी ५ च्या आत बाहेर. फाटक ७ ला उघडतं, तेव्हाच आत शिरा आणि परतीला नाल्यासाठी एक तास वेगळा राखून ठेवा. आम्ही तो ठेवला नव्हता, शेवटचा उतार धावत काढावा लागला आणि माझे गुडघे अजून दुखताहेत. पुढच्या जूनमध्ये पुन्हा जाणार आहे.